शक्यतो

९ सप्टेंबर, मंगळवार

कानात तोच आवाज आहे. देवेशनं कृतिकाचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हाचा. नारळ फोडल्यासारखा. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, सिस्टरच्या टेबलासमोर, भर दुपारी! केस धरून ओढलं, आपटलं, परत आपटलं. मी मध्ये पडले तर कोपर बसलं तोंडावर. ओठ फुटला. वॉचमन दाराला टेकून उभा. म्हणे, "घरचा मामला आहे, मॅडम."

कृतिका चांदीप गावची. दोन पोरी आहेत, धाकटी अजून अंगावर पिते. तिसऱ्यांदा दिवस गेलेत, तिला नकोय. गर्भपाताला सज्ञान बाईची कायद्यानं स्वतःची सही पुरते. फक्त स्वतःची! हेच तर मी इतकी वर्षं बोंबलून सांगतेय, पार मंत्रालयापर्यंत. आणि सिस्टर काय म्हणाली? "नवऱ्याची सही आणा. आमच्याकडे अशीच पद्धत आहे." आम्हाला बाकावर बसवलं आणि आत जाऊन देवेशला, तिच्या नवऱ्याला, फोन लावला.

पिऊन आला असता तर एक वेळ समजले असते. शुद्धीत होता. इस्त्रीचा शर्ट. "माझ्या मुलाला मारायला निघालीस?" मुलगा! कुणी सांगितलं रे तुला मुलगा आहे म्हणून?

घरी पपांनी ओठ बघितला. "कोणी मारलं?" म्हटलं, कामावर लागलं. "मग सोड ते काम." आणि केळीच्या वाडीत निघून गेले. कालच मारियामातेचा सण झाला, फ्रीजमध्ये अजून गोडधोड आहे. एक घास उतरत नाही.

१० सप्टेंबर

नुसतं सूप. सूपचासुद्धा राग येतोय.

१२ सप्टेंबर

कृतिकाचा फोन. कुजबुजत बोलत होती, सासू अंगणात. परत त्याच्याच घरी गेलीय. आमच्या संस्थेच्या निवाऱ्यात ये म्हटलं तर — "पोरी हितं हायेत ना, ताई." मग म्हणाली, "तुमचा तो कागद कदी येनार? माझे दिवस चाललेत."

तो कागद म्हणजे आमची संस्था आरोग्य खात्याकडून मागतेय ते परिपत्रक. राज्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यासाठी. नवऱ्याची सही मागायची नाही, मागितली तर कारवाई. मसुदा क्लेमेंटीननं केलाय — आमची वकील, डोकं बर्फासारखं. माझं डोकं कसं आहे ते सगळ्या खात्याला ठाऊक आहे. म्हणून मीटिंगला ती माझ्या शेजारी बसते आणि टेबलाखालून पाय मारते.

१५ सप्टेंबर

आमची वाडी कापली!

सकाळी पपांची हाक ऐकून धावले. घड लागलेल्या राजेळी केळी, सगळ्याच्या सगळ्या, कमरेतून छाटलेल्या. घड चिखलात पडलेले, कोणीतरी पायानं तुडवलेले. चीक गळत होता. आणि विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात — बाळं मारणारी.

देवेश? की आमच्याच गिरीज गावातला कुणी? अर्धं गाव चौकशीला येऊन गेलं. सगळे हळहळले. कोणी केलं असेल, एवढंच कोणी विचारलं नाही.

पपा कोयता घेऊन बांधावर बसून होते. रोज चर्चला मिसाला जाणारा माणूस. म्हणाले, "तुझं काम मला पटत नाही, बाय. कधीच पटणार नाही. पण माझ्या केळीला हात लावणारा सापडला ना, तर तो हात मी तोडीन." मी त्यांच्या शेजारी बसून ढसाढसा रडले. मलाही तोडायचा होता. कोणाचाही चालला असता!

२३ सप्टेंबर, मंगळवार

झालं! निघालं परिपत्रक!

नीट लिहिते. मंत्रालयात खात्याच्या साहेबांनी मसुदा वाचला. "सज्ञान महिलेखेरीज अन्य कोणाचीही सही मागू नये." मान हलवली. मग पेन काढलं. "इथे एक 'शक्यतो' घालू. शक्यतो मागू नये."

मी उसळले. शक्यतो कशाला? बाईचं डोकं शक्यतो फोडलं का? ते हसले. "मॅडम, डॉक्टर घाबरतात हो. नातेवाईक येऊन तोडफोड करतात. थोडी मोकळीक ठेवावी लागते." मग घड्याळ बघून, "आचारसंहिता कधीही लागेल. आज सही झाली तर झाली, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

क्लेमेंटीनचा पाय. जोरात.

पुढच्या वर्षी! कृतिकाकडे पुढचा महिनासुद्धा नाही. कारवाईची ओळ तरी शाबूत राहत होती. मी म्हटलं, "चालेल."

बाहेर पडल्यावर क्लेमेंटीननं मिठीच मारली. "राज्यभर गेलं, जेनी! एक शब्द काय घेऊन बसलीस?" खरंच, काय घेऊन बसलेय. पेढे घेतले. पपांनी एक खाल्ला, कशाचा ते विचारलं नाही.

२६ सप्टेंबर

कृतिकाला परिपत्रक पाठवलं, फोनवर वाचूनही दाखवलं. हसली! पहिल्यांदा ऐकलं तिचं हसणं. "म्हंजी माझी एकटीची सही चालेल?"

"चालेल गं बाई, चालेल!"

बुधवारी दोघींनी जायचं ठरलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचं सगळं लिहिणार.

ती बुधवारपर्यंत थांबली नाही. सासू आज देवळात गेलेली, तेवढ्यात एकटीच निघाली. सिस्टर तीच. कृतिकानं मोबाइल पुढे केला. सिस्टरनं चष्मा लावून वाचलं. "शक्यतो म्हटलंय. शक्यतो म्हणजे जमलं तर. आम्हाला नाही जमत." आणि लावला फोन.

या वेळी देवेशनं तिथे हात उचलला नाही. गोड बोलून गाडीवर बसवून घरी नेली, दार लावलं आणि पोटात लाथा घातल्या. शेजारच्या पुतळाबाईंनी मला फोन केला तेव्हा मागे कृतिकाचं ओरडणं ऐकू येत होतं. मी पोचले तर कृतिका चुलीपाशी, साडी कमरेखाली रक्तानं भिजलेली. थोरली पोर फडक्यानं फरशी पुसत होती. कोणी सांगितलं नव्हतं तिला. पुसत होती.

ज्यासाठी गेली होती ते झालं. नवऱ्याच्या लाथेनं झालं. त्याला कोणाचीही सही लागली नाही.

परत तोच दवाखाना, तेच टेबल. मी सिस्टरची गचांडी धरली. ट्रे उडवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या गळ्याला हात घातला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! तिनं हात झटकला नाही. केस बाजूला केले, कपाळावर टाक्यांची खूण. "हे एका पेशंटच्या नवऱ्यानंच केलंय, मॅडम. याच टेबलापाशी. तेव्हा माझ्यासाठी कोण आलं होतं? तुम्ही कागदावर पळवाट लिहून आणलीत, मी तिच्यातनं पळाले."

मी तिच्या गळ्यावरचा हात काढला.

३ ऑक्टोबर

पोलिसांनी देवेशला समज देऊन सोडलं. समज!

साहेबांना फोन केला. तो शब्द काढा. "आता आचारसंहिता, मॅडम." क्लेमेंटीन म्हणते, बाकी जिल्ह्यांत फरक पडतोय. पडत असेल. मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. खरं तर स्वतःच्याच.

५ ऑक्टोबर, रविवार

कृतिकाला आज दवाखान्यातून सोडलं. निवाऱ्यात खाट तयार ठेवलीय. पण पोरी देवेशकडे, आणि पोलीस म्हणतात, बाप आहे तो, उचलून कशा आणणार? मी म्हटलं, उद्या कोर्टात अर्ज टाकू, तोवर तिकडे पाय ठेवू नकोस. ऐकून घेतलं. रडली नाही. "पोरी घिऊन येते, ताई," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. मी रिक्षाच्या मागे धावले, हाका मारल्या. तिनं मागं बघितलं नाही.

६ ऑक्टोबर

चौकीतून आत्ता आले. सकाळी कृतिका तिथे स्वतःच्या पायांनी गेली. दोन्ही पोरी बरोबर, हातात घरचा कोयता. देवेश मेला.

हवालदारानं जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही कर म्हणाला. तिनं पेन हातात घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"ताई, माझी एकटीची चालेल?"