गंजाखालची साडेतीन अक्षरे

मी, गंजलेल्या जुन्या तलवारी उजळवण्याचे काम छत्तीस वर्षे करणारी, वय एकाहत्तर, गल्लीत ‘तोफ’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी काल लेखी दिले. “हातांबद्दलही लिहू का?” असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. हातांची थरथर या अक्षरांतच दिसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्यांना मी आजवर व्याख्यान ऐकवूनच परत पाठवले आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्हींत मी खोटे लिहिले होते.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला मिळावी. एकोणीस वर्षे आम्ही भावंडे बोललो नाही, तरी ती “आत्या, चहा टाक” म्हणत येत राहिली आणि तिकडचे इकडे केले नाही.

२. पुस्तके वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत. काही ठिकाणी माझेच बरोबर आहे.

३. पितळी तारांचे ब्रश, बांबूच्या खरवडण्या, भिंग आणि तेलाचे डबे भाचीला. अट एकच : कोणतेही पाते नव्यासारखे चकचकीत करू नये. ज्याला पात्याचा आरसा हवा असेल त्याने आरसा विकत घ्यावा. हे मी शंभर सभांत सांगितले, इथेही सांगते.

४. माझ्या आणि दादाच्या कार्यशाळेमधली फळ्यांची भिंत पाडावी. ती का उभी राहिली, हे पुढच्या कलमात आहे. ते कलम वकिलांनी दादासमोर मोठ्याने वाचावे.

५. एकोणीस वर्षांपूर्वी शाळेतल्या मास्तरांनी घराण्याची तलवार आणली. गंजाचे पोपडे सुटत होते आणि मुठीजवळ अक्षरांची एक ओळ पुसट दिसत होती. मी पाते पातळ आम्लाच्या पन्हळीत ठेवले. वीस मिनिटांत काढायचे होते. दोन शब्द बोलून येते म्हणून मी कोपऱ्यावरच्या सभेला गेले. विषय होता, जुन्या वस्तू जपण्याचे कर्तव्य. टाळ्या पडत गेल्या, मी बोलत गेले. परतले तेव्हा अडीच तास झाले होते आणि ओळ नाहीशी झाली होती.

दादाने पन्हळीत पाहिले, मग माझ्याकडे. “तू आत जा,” म्हणाला. त्याने ते पाते घेऊन स्वतःच्या घासाईच्या चाकाला लावले. मास्तर आले तेव्हा ठिणग्या उडत होत्या.

“मास्तर, माझ्या हातून गेलं. चाक जास्त लागलं.”

मास्तर त्याला वाटेल ते बोलले. मी दाराआड उभी होते. आयुष्यात एकदाच गप्प बसले, ते तिथे.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. तीन महिन्यांनी मी ‘चाकाने खाल्लेली अक्षरे’ हे व्याख्यान लिहिले आणि अकरा ठिकाणी गाजवले. पहिल्या वेळी दादा तिसऱ्या रांगेत बसला होता. मध्येच उठला, घरी गेला आणि फळ्या ठोकू लागला. त्यानंतर त्याच्याकडे कोणी जुने पाते आणले नाही. तो सुऱ्या आणि कात्र्यांना धार लावतो. त्या व्याख्यानाच्या प्रत्येक प्रतीवर लिहावे : यातला भाऊ निर्दोष आहे, दोष वक्त्याचा आहे.

६. माझ्या टेबलावर भंगारवाल्याकडून आलेली एक तलवार तेलात आहे. चार वर्षे तिचा गंज मी रोज नखाएवढा काढते. मुठीपासून तीन अक्षरे मोकळी झाली आहेत : ‘मला न’. चौथ्याचा फक्त वरचा वळसा दिसतो. ‘मला न विकणे’, असे भंगारवाला म्हणतो, आणि विकून मोकळा झाला. ‘मला नको घासू’, असे भाची म्हणते. मला झोप लागत नाही इतके कुतूहल आहे, पण या हातांनी पुढे गेले तर तीही ओळ जाईल. म्हणून सहा महिने तिला हात लावलेला नाही.

ही तलवार दादाला द्यावी. गेल्या महिन्यात शिंपीणबाईंच्या दारात तो सुईत दोरा ओवून देताना मी पाहिला. एका झटक्यात ओवला. चाक नको, आम्ल नको हे त्याला सांगायची गरज नाही. ती गरज मला होती.

तलवारीसोबत एक बंद पाकीट आहे. त्यात पुढची अक्षरे काय असतील याचा माझा अंदाज लिहिला आहे. दादा, आधी अक्षरे काढ, मग पाकीट फोड. मी चुकले असेन तर फळ्या काढलेल्या जागी उभा राहून चारचौघांत मोठ्याने सांग. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

मृत्युपत्र करणारी : (सही, थरथरती पण माझीच)

साक्षीदार :
१. डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही, मजकूर वाचू दिला नाही, वाचायची फार इच्छा होती)

स्थळ : माझी कार्यशाळा, भिंतीच्या अलीकडे
दिनांक : ९ फेब्रुवारी २०१९, सकाळी, पलीकडे चाक चालू आहे