चोविसावी पन्नी

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या हातचं: नागपूरला तलावात चाललेल्या दोन पेडल बोटी, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. हिंगण्याच्या देवळाचा फायबरचा कळस, साडेअकरा फूट. बेकरीच्या जुन्या भट्टीतून काढलेला ओव्हन, दोन अंशांच्या आत तापमान धरतो. आणि एकोणीस रेडोम, एकही परत आलेला नाही. कॉलेजची पायरी चढलो नाही. रेझिन नाकाने शिकलो, फायबर बोटांनी.

नव्या नोकरीचं गाव, जबलपूर, पसंत पडलं. विजय नगरात खोली, खिडकीत ऊन, खाली खोव्याची जलेबी. रिछाईच्या शेडमध्ये मालक केतन, वय चौतीस, स्वतः दारात आला. म्हणाला, नरहरजी, तुमच्या कानाबद्दल फार ऐकलंय. मी म्हटलं, ऐकायचं काम माझं आहे, तुम्ही काहून ऐकता. हसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

रेडोम म्हणजे विमानाच्या नाकावरची टोपी. आतल्या अँटेनाला वारा-पाणी-पक्षी यांपासून वाचवायचं, लहरी मात्र अडवायच्या नाहीत. तपासणी माझ्याकडे. त्यासाठी जुना जाड रुपया वापरतो. इंचाइंचावर टकटक. थर नीट चिकटले असतील तर नाणं खणकन बोलतं. आत पोकळी असेल तर बद्द.

सात नंबरचा रेडोम माझ्या सहीसाठी थांबलाय, हेलिकॉप्टरच्या नाकावर बसणार. दुपारी डाव्या बाजूला एक जागा बद्द लागली, तळहाताएवढी. खडूने घेरली. तपासणीचं मशीन म्हणतं, काही नाही. मशीनपेक्षा माझा कान जुना आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

खडूच्या घेरात आज खणखणीत आवाज. बद्द जागा वीतभर पुढे गेली आहे. सहा मिलिमीटर टणक फायबर, त्यात पोकळी सरकत नसते. दोनदा तपासलं.

सत्यवतीबाईंना विचारलं. थर लावण्यात त्यांची चौदा वर्षं गेली. आधी हसल्या, काहून शोधून राहिले भाऊ, तेच तुम्हाला शोधत येईल. मग हसू थांबवून सांगितलं. कापडाच्या प्रत्येक थराला एक पन्नी असते. ती सोलून थर लावायचा, शेवटी पन्न्या मोजून कार्डावर लिहायच्या. चोवीस थर, चोवीस पन्न्या. सात नंबर पुष्पा नावाच्या बाईने लावला. तिच्या टेबलावर तेवीस निघाल्या. एक आत राहिली, कापून बघा, असं तिने केतनला सांगितलं. केतन म्हणाला, पंख्याने उडाली असेल, चोवीस लिहा. तिने लिहिलं नाही. मार्चमध्ये ती वारली.

मी म्हटलं, पन्नी असती तर एका जागी राहिली असती. मोजण्यात चुकली असेल बाई. सत्यवतीबाई उठून गेल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाणं फिरवत जागेच्या कडेचा नकाशा काढला. पाच लांबट टोकं. त्यातलं एक आखूड, बाजूला. माझा पंजा त्यावर ठेवला. माझ्याहून लहान आहे. बाईचा.

हात उजवीकडे नेला. जागा मागोमाग आली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोनदा वाजवलं. आतून उत्तर आलं. ठोके मोजले, तेवीस. मग थांबलं, टेबलाखाली वाकून कोणी शोधावं तसं. पुन्हा तेवीस.

मोजण्यात चुकली असेल, असं मी बोललो होतो. भर दुपारी, सगळ्यांसमोर, त्या रेडोमची माफी मागितली. कोणी हसलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सात नंबर आज खणखणीत. टोकापासून काठापर्यंत अकराशे चाळीस ठोके, एकही बद्द नाही. केतन खूश. चलो, अब साइन कर दीजिए. नियम माझाच आहे, कान सांगेल ते लिहायचं.

पेन काढायला वाकलो, हातातलं नाणं बरगडीला लागलं.

बद्द.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नेपियर टाउनच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला. काही नाही म्हणतो. तळहाताएवढं आहे. काल बरगडीशी होतं, आज पुढे —

सत्यवतीबाईंना सांगितलं तर रडल्या, मग बोलल्या. पुष्पाही शेवटी नाण्याने स्वतःची छाती वाजवत बसे. ती गेल्यावर ते सत्यवतीबाईंच्या छातीत आलं. नऊ दिवस सोसलं, मग कार्डावर चोवीस लिहिलं. लिहिताक्षणी छाती मोकळी. ते परत रेडोममध्ये गेलं. घरी नातवंडं आहेत भाऊ, म्हणाल्या.

म्हणजे मी पास लिहिलं की ते तिथे परत. आणि मग आकाशात. मागे माणसं बसलेली —

१९ नोव्हेंबर, बुधवार

नापास लिहिलं. कारणाच्या रकान्यात: एक पन्नी आत आहे. पुष्पाबाईंची मोजणी बरोबर होती. खाली सही, तारीख.

वाटलं होतं, एवढ्याने तरी तिला —

नाही. आतून तेवीस. जिना चढवत नाही. सत्यवतीबाईंना निरोप धाडला, माझ्याजवळ येऊ नका.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी केतन खोलीवर आला. ओरडला नाही. हात जोडले, म्हणाला, माल गेला नाही तर शेड बंद, बावीस घरं बसतील. नवा कागद उशाशी ठेवून गेला. पास छापलेलं आहे, फक्त सही हवी.

सही केली की श्वास मोकळा होईल. माहीत आहे मला. पेन हातातच —

मधोमध आलंय. पाचही बोटं लागतात.

घाबरलोय. लिहून ठेवतो, कोणी तपासणार असेल तर. केतनने जाताना मला दिलेला प्रस्ताव: एक सही, बदल्यात रोख, आजच. मी नाही म्हटलं. दोनदा विचारलं, दोनदा नाही. रक्कम सात लाख चाळीस ह