व्हिटॅमिनची साठवणूक

१ नोव्हेंबर १९६५
दौड नक्की. सिहोरा ते जबलपूरचं कमानिया गेट, पंचवीसेक मैल, एकवीस तारखेला. फॅक्टरीचे स्पोर्ट्स सेक्रेटरी चंद्रशेखरजींनी स्वतः सांगितलं. गेल्या साली साळा श्यामसुंदर पहिला आला होता. म्हणाला, जीजाजी, तुम्ही गेटवर चहाचं बघा. मी लगेच नाव दिलं.

३ नोव्हेंबर
फॅक्टरीच्या दवाखान्यातला कंपाउंडर गणपत याच्याकडून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची बाटली आणली. रोज एक घ्या म्हणाला. तीन घेणार. त्याला कुठे पळायचंय.

७ नोव्हेंबर
लघवी हळदीसारखी पिवळी. व्हिटॅमिन अंगात भिनलं. प्रतिमा म्हणे, भिनलं काहून, ते तर बाहेर जाऊन राहिलं. बायकोला सायन्स कमी.

१२ नोव्हेंबर
काल पाण्याच्या टाकीपर्यंत धावलो. परत रिक्षाने. सरावात व्हिटॅमिन खर्च होतं. आजपासून फक्त साठवणूक.

१६ नोव्हेंबर
दौडीची मेडिकल. डॉक्टरांनी माझी लघवीची बाटली उजेडात धरली आणि सेक्शन विचारला. फिलिंग, म्हटलं. तोफगोळ्यांत दारू भरतो आम्ही; ती अंगात गेली की माणूस पिवळा पडतो. त्यांचा चेहरा उतरला. कोई दवा लेते हो? नहीं जी, घर का दूध. गोळ्यांवर पळतो असं कोणी म्हणायला नको.
हॉस्पिटलात भरती.

१७ नोव्हेंबर
सेक्शनचे लोक केळी घेऊन येतात. लढाईत जखमी झाल्यासारखं वाटतं. पळालो असतो तर पहिला आलो असतो, हे सगळ्यांना सांगितलं. श्यामसुंदरही मान हलवून हो म्हणाला. झोप छान लागते.

१९ नोव्हेंबर
लघवी पाण्यासारखी. घाबरलो, आता सोडतील. प्रतिमाला म्हटलं, ती गोळ्यांची बाटली गुपचूप आण. म्हणे, श्यामला देऊन टाकली, तुम्ही नाही पळून राहिले तर वाया काहून घालवायची.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
डॉक्टर खूश. दारूचा अंश नाही, एकदम फिट. चंद्रशेखरजींना फोनही त्यांनीच केला. गुडघा दुखतो असं सांगणार होतो, तर सेक्शनचे लोक हार घेऊन खाटेशी आले. श्यामसुंदरने माझे बूट आणले, लेस स्वतः ओवली. चलो जीजाजी, म्हणाला, आता तुम्हाला कोण हरवतो.
दौडीचा ट्रक पहाटे पाचला. आम्हाला सिहोऱ्याला उतरवून रिकामाच परत येतो म्हणे. ड्रायव्हरशी आधी बोलून घ्यावं लागेल.