पायात सव्वीस हाडं!

९ मे

ड्रॉइंग पिन! अख्खी पितळी ड्रॉइंग पिन तळव्यात रुतलेली — आणि बाईंना पत्ताच नाही!

दुकानात आज एक मावशी आल्या होत्या. आमच्याच सामोअन, म्हणजे आमच्यासारख्याच बेटांवरून इथे येऊन राहिलेल्या. रुंद बूट हवे होते. नेहमीसारखी खाली बसले, पाय मोजपट्टीवर ठेवायला उचलला, तर टाचेपाशी काहीतरी चमकलं. म्हटलं, "मावशी, दुखत नाही का हो?" म्हणतात, "कुठे काय? डायबेटिस आहे गं, पाय झोपलेलेच असतात माझे." ग्रेग, म्हणजे आमचा मॅनेजर, कानात कुजबुजला, "हात लावू नकोस लुपे, आपल्या अंगाशी येईल." बरोबर होतं त्याचं, हात लावलाही नाही. सरळ गाडीत घातलं त्यांना आणि आरोग्यकेंद्रात नेलं.

तिथे रोईमाता नावाच्या बाई आहेत. पोडायट्रिस्ट. दिवसभर फक्त पाय बघतात! पिन काढली, जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मावशींना असं झापलं की मावशी लहान मुलीसारख्या "हो बाई, हो बाई" करत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला दिसली कशी?" म्हटलं, चार वर्षं पायच बघतेय. त्या म्हणाल्या, "मग शिकत का नाहीस?"

शिकत का नाहीस!! तेवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

१४ मे

सापडलं! शहरात मधोमध काचेची इमारत. 'प्रगत पायउपचार डिप्लोमा', फक्त नऊ महिने. वेबसाइटवर सगळे पांढऱ्या कोटात हसतायत. फोन केला तर ब्रूक नावाच्या मुलीनं पाच मिनिटांत मला 'लुपे डिअर' करून टाकलं. केमिस्ट्री नको, मुलाखत नको, जुने मार्क नकोत! फी अकरा हजार डॉलर — नाकापेक्षा मोती जड. पण परवापर्यंत पाचशे भरले तर दोन हजारांची सूट.

मी तिथल्या तिथे भरायला निघाले होते. कार्डच चाललं नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

घरी सांगितलं, हॉस्पिटलचं काहीतरी शिकणार आहे. 'पाय' म्हटलं नाही. का कुणास ठाऊक. नाही, ठाऊक आहे — बाबा. चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरांच्या खालोखाल मान, गावाकडे मानाची पदवी, भाषणाला उभे राहिले की पोरं खोकायचीसुद्धा थांबतात. त्यांच्यासमोर पाय लांब करून बसलं तरी चिमटा मिळतो आम्हाला. त्यांना 'पाय' कसं सांगणार?

१५ मे

जेवणाच्या सुट्टीत रोईमाताबाईंना गाठलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. त्यांनी ते माहितीपत्रक असं धरलं जसं काही ओलं आहे. "हे बोर्डाच्या यादीत आहे का?" मला बोर्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं! तर असं आहे — बोर्डानं मान्य केलेलं शिक्षण असेल तरच नोंदणी होते, आणि नोंदणी नसेल तर पोडायट्रिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही. मग पांढरा कोट घाला नाहीतर सोनेरी. "आणि सरावाला पेशंट कोण देणार ते विचार. आणि तिथून पास झालेल्या कुणाला तरी फोन कर. कॉलेजला नको, माणसाला."

१६ मे

विचारलं!

ब्रूक: "यादी? आमचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे ना, डिअर." पेशंट? "ते तुम्हीच शोधायचे. बहुतेक जणी घरच्यांवर हात साफ करतात."

मग वेबसाइटवर जिचा हसरा फोटो होता ती शालिनी, तिला शोधून मेसेज टाकला. बिचारीनं लगेच फोन केला. मूळची फिजीची, फार गोड बोलते. "आता काय करतेस?" "मॉलमध्ये नखांना रंग लावते." "पायाच्या?" "हाताच्याही लावते गं, फीत सूट मिळाली होती ना, त्यावर हात फुकट!" दोघी इतक्या हसलो. नंतर ती म्हणाली, "माझे अजून हप्ते चालू आहेत."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. माझं कार्ड चाललं नाही, त्याबद्दल देवाचे आभार.

रविवार, १८ मे

मेले!! बाबांनी आज चर्चमध्ये सूचना देता देता सांगून टाकलं, "आमची लुपे डॉक्टर होणार आहे."

डॉक्टर! टाळ्या! पास्टरांच्या बायकोनं मला मिठी मारली, कुणीतरी गळ्यात चॉकलेटांची माळ घातली. मी खाली मान घालून हसत राहिले. घरी येऊन उकडलेले तारोचे कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली त्याची पानं, पालुसामी, पुढ्यात, आणि मी नुसती चिवडत बसले. बाबा इतके खूश होते की त्यांनी स्वतः उठून मला वाढलं. कसं सांगायचं?

आज नाही सांगितलं. भित्री कुठली.

२४ मे

शनिवार. बाजारातून पिशव्या घेऊन तशीच ओटाराच्या पॉलिटेक्निकमध्ये गेले, आज सगळ्यांना खुलं होतं.

आधी यादीचं लिहिते. बोर्डाच्या यादीत देशभरात एकच पदवी! तीन वर्षांची, युनिव्हर्सिटीत. आणि वर्षाची फी त्या काचेच्या इमारतीतल्या नऊ महिन्यांपेक्षा कमी! शिवाय सरकारी कर्ज बिनव्याजी. हे कुणी मोठ्या अक्षरात लिहीत का नाही कुठे? अडचण एकच, केमिस्ट्री. मी ती पंधराव्या वर्षी सोडली. त्यावर तोडगा पॉलिटेक्निकमध्ये: सहा महिन्यांचा विज्ञानाचा वर्ग, फी शून्य. त्यात चांगले मार्क पडले की पदवीला अर्ज करता येतो.

खुर्च्या फाटलेल्या, भिंतीचा रंग उडालेला. पण शिकवणाऱ्या बाईंना प्रत्येक मुलाचं नाव माहीत! हातात एक पायाचा सांगाडा दिला. "मोज." मोजली — सव्वीस. एका पायात सव्वीस हाडं! दोन्ही पायांत बावन्न! अंगातली पाव हाडं पायात, आणि आपण त्यांना रबरी चपलांत कोंबून फिरतो. घरी येताना पिशवीतला तारो बसमध्ये विसरले.

२९ मे

केमिस्ट्रीचं पुस्तक आणलं वाचनालयातून. हे माणसानं शोधलं तरी कशाला!

५ जून

पॉलिटेक्निकच्या वर्गासाठी मुलाखत. तिथल्या बाईंनी "पायच का?" विचारलं. पिनची गोष्ट सांगितली. मग न विचारताच सांगत सुटले. आमच्या ओळीतल्या सात घरांपैकी तीन घरांत कुणाचं ना कुणाचं पायाचं बोट डायबेटिसपायी कापलेलं आहे. आमचे काका लोक बूट घ्यायला आले की अंगठा दुमडून 'बसतो, बसतो' म्हणतात. दुखलं तर देवाला सांगतात, डॉक्टरला नाही. बाई लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "श्वास घे, लुपे."

१२ जून

मिळाली! जागा मिळाली!! १४ जुलैपासून वर्ग!

ग्रेगला सांगितलं. तोंड पाडून म्हणाला, "आता एवढे पाय कोण उचलणार?" मग दुकानातले सगळ्यात भारी बूट दाखवून, "यावर सूट देतो." गुणी माणूस आहे तसा.

१३ जून

नवीन घोडं अडलं. वर्ग दिवसाचा, म्हणजे पगार बंद. विद्यार्थी भत्ता मिळतो, पण चोवीसच्या आत असाल तर आईवडिलांची मिळकत दाखवायची — आणि त्यांच्या सह्या. ४ जुलैच्या आत. आईची लगेच झाली. बाबांची राहिली. भत्ता नाही तर वर्ग नाही.

आता सांगावंच लागणार.

रविवार, १५ जून

सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर, एका दमात.

बाबांनी काटा खाली ठेवला. "पाय?"

"पाय."

"मी वीस वर्षं विमानतळावर लोकांच्या बॅगा उचलल्या, त्या काय माझ्या पोरीनं लोकांचे पाय उचलावेत म्हणून? चर्चला काय सांगू मी? डॉक्टर म्हणून माळ घातली आणि ही नखं कापणार?"

मी म्हटलं, नखं नाही बाबा, पाय वाचवणार. ते उठून गेले. ताटात अन्न टाकून! आमच्या घरात हे कधी होत नाही. आई म्हणाली, "ते आधी ओरडतात, मग ऐकतात. मधे त्यांना जेवू घालावं लागतं." पण मला रडू आलंच. राग नव्हता, लाज वाटत होती. त्यांनी माझा एवढा अभिमान धरला आणि तो मी भर जेवणात काढून घेतला.

१९ जून

अबोला. फॉर्म टेबलावर, मिठाच्या बरणीखाली. रोज जेवताना सगळे त्याच्याभोवतीनं हात फिरवतात.

रविवार, २२ जून

मातालेना आत्या आली! बाबांची थोरली बहीण — तिच्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही, आमच्यात बहिणीपुढे भावाचा चढूच नये. तिनं सगळं ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "सोलोमोना, तू डीकन ना? मग येशूनं स्वतः वाकून शिष्यांचं काय धुतलं होतं रे? पाय की डोकी?"

आईला ठसका लागला. मी टेबलाखाली जायची बाकी होते.

बाबा म्हणाले, "बघू." बघू! आठवड्यातला पहिला शब्द!

२८ जून

बघू म्हणजे अजून बघूच. पण आज ते स्वतःहून आले. मी पायाचं चित्र काढून हाडांची नावं पाठ करत होते. मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. "हे बोट सगळ्यात लहान. त्याचंही नाव असतं?" म्हटलं, असतं, प्रत्येक हाडाचं असतं. "आणि ते बिघडलं तर?" "लवकर कळलं तर काही नाही होत, बाबा." "आणि उशिरा?" मी एकदम तयारीत सुरू झाले, रोईमाताबाई सांगतात तसं सगळं धडाधड — रक्त, जखम, वास, कापणं. मधेच ते निघून गेले.

पण विचारलं तरी! बर्फ वितळतोय! नवी वही घेतली आज, निळी.

३ जुलै

पहाटे बाबांनी हाक मारली. दार लावून घे म्हणाले आणि उजवा मोजा काढला. करंगळी काळी पडलीय. एप्रिलमध्ये, ईस्टरला फोड आला होता म्हणे, दुखत नव्हता म्हणून कुणाला सांगितलं नाही.

आता पावणेआठ. आरोग्यकेंद्र आठला उघडतं, आम्ही बाहेर गाडीत आहोत. पाय माझ्या मांडीवर आहे. फॉर्म त्यांनी बरोबर आणलाय, सही करून. म्हणाले, "विचार तुझ्या बाईंना, पहिला पेशंट बापच चालतो का."

मला हसता आलं नाही.