बाजाचं बटन

तळवली, रविवार, १२ जानेवारी १९९७

आज वाशीवरून गान्याची मशीन आनली, कराओके म्हनतात. मी जाम खूश हाय. धाकट्या नातीच्या हळदीला मी लग्नाची गानी, आमचे धवले, माइकवर गानार. थोरलीच्या हळदीला बेंजोचा एवढा दनका होता का माजं नुसतं तोंड हललं, आवाज कोनालाच नाय आला. ते अजून टोचतं.

दुकानात पोरगा बोलला, "आये, ही मोठी घे. एकच बटन, सोपी हाय."

मी बोलले, "एकाच बटनाने मशीनचा बाजा बारीक केला तर मी पन बारीक होनार ना रं?" दुकानदार हसला. त्याने बारकी मशीन काढली. माइकचं बटन वेगळं, बाजाचं वेगळं.

"हिचा आवाज छोटा हाय, आये," पोरगा बोलला.

"बाजाचा छोटा. माजा हाय ना मोठा!" तिथंच बाजाचं बटन उतरवलं नि एक धवला गायला. सून कुजबुजली, "आत्या, रस्त्यावरची लोकं थांबलीत." थांबू दे की! त्यासाठीच तर गायले.

चहा मात्र वाशीचा पानचट.

हळदीला मशीन माज्या मांडीजवळ राहील. बाजाच्या बटनाला हात लावायचा तर पयला मला विचारायचं. माज्या पोराने पन.