सिद्धोधनच्या गाडीची आणि माझ्या घराची निरवानिरव

मी, सरजाबाई लिंबाजी खिल्लारे, वय अडुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, तथागतांना वंदन करून हे स्वहस्ते लिहीत आहे. दुखणे पोटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही.

१. बोरीचे राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते मी सून संघप्रिया हिला संपूर्ण मालकी हक्काने देते. तिने दुसरे लग्न केले तरी हा हक्क जाणार नाही. तिने ते करावे, असे माझे मत आहे.

२. दीर नागसेन यांना काही देत नाही. माझा एकुलता एक मुलगा सिद्धोधन गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाला ते भरल्या मांडवात म्हणाले, "वहिनी, गाडीत दोघं व्हते. हिला खरचटलंबी न्हाई. हिला माहेरी घाला." संघप्रिया पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोरच उभी होती. मी म्हणाले, "ती जाणार न्हाई. तुमी जा." ते गेले, अजून आलेले नाहीत. आले तर पाणी द्यावे, हिस्सा देऊ नये.

३. सिद्धोधनची गाडी नात शुभदा हिला देते. परंतु ती सज्ञान होऊन, लायसन काढून, आईसमोर स्वतः चाक बदलून दाखवील तेव्हाच. तोवर किल्ली संघप्रियाकडे राहील.

शुभदा, या अटीचे कारण तुला कोणी धड सांगितलेले नाही. पोखर्णीहून येताना चाक पंक्चर झाले. दिवस पावसाचे, रस्त्याकडेची काळी माती लोण्यासारखी. तुझ्या वडिलांनी हँडब्रेक ओढला नाही, चाकाला दगड लावला नाही. जॅक मातीतच टेकवला, गाडी उचलली आणि मग नट सोडायला बसले. तुझी आई म्हणाली, "अहो, जॅक खाली जायलाय." ते म्हणाले, "झालंच." एक नट निघून गाडीखाली घरंगळला. तो काढायला ते छातीपर्यंत आत गेले आणि गाडी सरकली.

आई रस्त्यावर ओरडत होती. लोक थांबले, मोबाइल काढून उभे राहिले. त्यांतल्या काहींची नावे मला ठाऊक आहेत, लिहीत नाही. शेवटी भगवानराव नावाच्या ट्रॅक्टरवाल्याने गाडी उचलली. परभणीचा दवाखाना यायच्या आधीच तुझ्या वडिलांचा हात तिच्या हातात गार पडला.

म्हणून गाडी टणक, सपाट जागेवर घे. तिथवर जाताना टायर फाटला तरी फाटू दे. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभे कर. मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेव. हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव. नट गाडी उचलण्याआधी ढिले करायचे, जॅकखाली फळी घालायची. आणि उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, काहीही घरंगळो. जागा धोक्याची वाटली तर चाक बदलूच नको. मदत येईपर्यंत लांब उभी राहा. उशीर झाला म्हणून घरी कोणी रागावणार नाही.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाचा धम्मपाल याने करावी.

५. दवाखान्यातून माझा देह आणताना गाडी बंद पडली, तर कोणीही रस्त्यावर धावाधाव करू नये. सगळ्यांनी उतरून शेताच्या बाजूला सावलीत बसावे. इंजिन तापले असल्यास ते पुरते निवल्याशिवाय पाण्याचे झाकण उघडू नये. मला गाडीतच राहू द्यावे. मला घाई नाही.

वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: सरजाबाई लिंबाजी खिल्लारे

साक्षीदार:
१. पार्वतीबाई दिनकरराव शिंपले, शेजारीण, रा. बोरी
२. रंगनाथ सटवाजी घाटूळ, निवृत्त पोस्टमन, रा. बोरी

स्थळ: बोरी
दिनांक: १९ जानेवारी २०२५