नळ बंद व्हायच्या आधी

आई, तू कधी पाहिली नाहीस अशा एका इमारतीत मी काम करते. लातूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला ती उभी आहे आणि तिला एकही खिडकी नाही. आत कपाटांच्या रांगा, कपाटांत माहिती साठवणारी संगणकाची यंत्रं. यंत्रं आमची नव्हेत. कुणा दवाखान्याची, पतसंस्थेची, कॉलेजाची. दागिने बँकेच्या लॉकरात ठेवावेत तशी ती लोक आमच्याकडे ठेवतात. आम्ही परका माणूस आत येऊ द्यायचा नाही, वीज जाऊ द्यायची नाही आणि यंत्रं तापू द्यायची नाहीत. बोट टेकवलं की पहिलं दार उघडतं, ते मागं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. वीज गेली तर बॅटऱ्या भार घेतात, तेवढ्यात डिझेलचे जनरेटर सुरू होतात, आतला दिवा लुकलुकतसुद्धा नाही. गारव्याचं काम माझ्याकडे आहे. जमिनीखालून गार हवा सोडायची, आणि ती हवा गार करणारं पाणी गच्चीवरच्या मनोऱ्यांत निववायचं. निवता निवता त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन उडून जातं. उन्हाळ्यात रोज टँकर लागतो.

तुझं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं की मला वाटतं, आपण दोघींनी एकच नोकरी केली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीच्या कामाला उस्मानाबादला जाणारी माणसं आता आपल्या गावात येत होती, जीपा वाढल्या होत्या, आणि तुझ्या बोर्डावर साहेबांच्या लाइनी वाढल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तू मला सोबत न्यायचीस. दाराशी चपला काढायच्या, धूळ आत न्यायची नाही. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, मागच्या खोलीत बॅटऱ्यांचा आंबट वास, आणि तुम्ही सगळ्या बायका कानाला यंत्र लावून ओळीनं बसलेल्या. तू म्हणतेस, "बोला मुखेड, बोला," आणि माझ्याकडे न बघताच हातानं खूण करतेस, गप बस. मुखेड तुझं माहेर, पण तिथल्या ऑपरेटर बाईलासुद्धा तू एका शब्दानं कधी घरचं विचारलं नाहीस.

तिथं ऐकलेली एक बारीकशी गोष्ट, आमच्या हेडमास्तरांची बदली झाल्याची, मी शाळेत मैत्रिणीला सांगितली होती. तुला कळलं. तू मारलं नाहीस. चुलीसमोर पाटावर बसवलंस, भाकरी थापता थापता म्हणालीस, "माझी नोकरी कानाची हाय, तोंडाची न्हाई. कानात पडलं ते तिथंच ऱ्हावं." मग तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस. त्या दिवसापासून मी तुझ्या कामाला जरा भ्यायला लागले.

मग तो दुष्काळ आला. आपल्या आणि शेजारच्या चाचीच्या घरामध्ये एक बुटकं दार होतं, आठवतं? त्या दारातून भाजी इकडून तिकडं जायची, शीरखुर्मा तिकडून इकडं यायचा. चाचीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एक दिवस तू ड्यूटीवरून आलीस आणि पदर खोचून भांडी काढायला लागलीस. हंडे, घागरी, कढया, शेवटी पिठाचा डबासुद्धा रिकामा करून तू पाण्यानं भरलास. चाची दारातून बघत होती. तिनं विचारलं, एवढं पाणी कशाला. तू म्हणालीस, असंच. मला अजून तुझा तो चेहरा दिसतो. तू हसत होतीस, आणि तुझे हात थांबत नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी नळ कोरडे पडले. मांडव घातलेला, पाहुणे उदगीरहून आलेले, आणि हात धुवायला पाणी नाही. तू आपले हंडे एकेक करून त्या दारातून तिकडं दिलेस. सगळे दिलेस, आपल्याला प्यायला एक घागर ठेवून. चाचीनं घेतले. नाही म्हणण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती. शेवटचा हंडा घेताना ती एवढंच बोलली, "तुमको मालूम था, बाई." पाहुणे गेल्यावर तिकडून दाराला कडी लागली आणि ती पुन्हा कधी निघाली नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षी तू मला खरं सांगितलंस. कलेक्टर कचेरीतून वरच्या साहेबांना लागलेला फोन तूच जोडला होतास. तलावात गाळ उरलाय, नळ बंद करावे लागतील, पण आधी जाहीर केलं तर लोक तुटून पडतील, असं ते बोलत होते. मी तुझ्यावर चिडले. लग्न पुढं ढकला एवढं तरी चाचीला सांगता आलं असतं, असं म्हणाले. तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "तुझ्यावर येईल तवा बघ."

ती वेळ आली, आई. तू गेल्यानंतर खूप वर्षांनी आली. लागोपाठ पावसानं दगा दिला होता, धरण तळाला गेलं होतं, आमच्या आवारातल्या बोअरमधून नुसती हवा येत होती. एका दुपारी आमच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. आणखी मोठ्या टाक्या बसवून घ्या, नांदेडकडच्या विहिरींवरून टँकर ठरवा, महिनाभर शहराचं पाणी मिळणार नाही असं धरून चाला. कुणी सांगितलं, मी विचारलं. ते म्हणाले, "ते तुम्हाला कशाला? बाहेर बोलू नका." मी भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. त्यावर आमच्या गेटचं चित्र दिसतं. गेटसमोरच्या रस्त्यानं एक बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन चालली होती.

संध्याकाळी घरी आले. माझ्या खालच्या मजल्यावर एक मावशी खानावळ चालवतात. शिकवण्यांसाठी अहमदपूरहून, भोकरहून आलेली मुलं त्यांच्याकडे जेवतात. त्या दिवशी त्या नव्या मुलांसाठी ताटं घासत होत्या. मला चाचीचा मांडव दिसला. मी म्हणाले, "मावशी, नवी पोरं आता घेऊ नका. असेल नसेल ते भांडं भरून ठेवा." त्यांनी मान वर केली. "हाव का?" एवढंच म्हणाल्या, आणि ताट ठेवून आत गेल्या.

मावशींनी बहिणीला सांगितलं. बहिणीनं गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नळ आले तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक घराची मोटर सुरू होती. गच्चीवरच्या टाक्या भरल्या, हौद भरले, कुणी नवे ड्रम आणले. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, सगळी गल्ली घरघरत होती. जे पाणी आणखी काही दिवस पुरायचं ते आम्ही एका पाळीत ओढून घेतलं. उताराखालच्या वस्तीत त्या दिवशी एक थेंब उतरला नाही, आणि त्यानंतर नळ आलेच नाहीत.

त्या वस्तीत आमचा वॉचमन राहतो. चांगला, मितभाषी माणूस. तो गेटवर उभा होता, ओठ फुटलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, कुनीतरी आवई उठिवली. वरच्यांनी समदं वढून घेतलं. आमच्या पोरीला जुलाब लागलेत, पाजायला पानी न्हाई." तेवढ्यात टँकर आला, पुढं पोलिसांची गाडी. त्यानंच गेट उघडलं. पाइप गच्चीवर चढवला गेला आणि थोड्या वेळानं वर पांढरी वाफ निघायला लागली. त्याची बायको आणि आणखी काही बाया कुंपणाबाहेर घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळ्या वर, वाफेकडे बघत होत्या.

मला जे सुचलं ते मी केलं. यंत्रांच्या दालनात आम्ही गारवा गरजेपेक्षा जास्त ठेवतो. तो थोडा कमी केला, यंत्रांना त्यानं काही होत नाही हे मला ठाऊक होतं. वाचलेलं पाणी गेटजवळच्या नळाला सोडलं. त्या नळावर बाया रांग लावायला लागल्या. वॉचमनच्या पोरीला दवाखान्यात नेलं, ती वाचली. पण आठवडाही झाला नसेल, दालन नेहमीपेक्षा गरम असल्याचं पुण्यात पडद्यावर दिसलं. साहेबांनी विचारलं, मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "तुमचा हेतू समजतो," आणि दुसऱ्या दिवसापासून तापमान बदलायचा अधिकार माझ्याकडून काढून पुण्यात घेतला. गेटजवळचा नळ काढून टाकला. कुंपणावर आणखी एक कुंपण आलं. वॉचमन अजून मला नमस्कार करतो. आवई कुणी उठवली हे त्याला माहीत नाही.

यंदा पुन्हा आभाळ कोरडं आहे. धरणाचा तळ रस्त्यावरून दिसायला लागलाय. आज दुपारी पुण्याहून फोन आला, टाक्या भरून घ्या म्हणून. मी हो म्हणाले. घरी आले तेव्हा मावशी पायऱ्यांवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारून वर आले आणि कागद घेऊन बसले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तो असता तरी मी टाकलं नसतं. बसले होते ते तुला विचारायला, आई, की या खेपेला बोलू का गप्प राहू. आता तू काय सांगशील याचीच मला भीती वाटते. आणि तुझ्याकडेही उत्तर नसेल, ही भीती त्याहून मोठी आहे.